फोडणीआधीचा घास

‘आमचा मोत्या तांबडा रस्सासुद्धा चाटूनपुसून खातो,’ हे वाक्य मी इतक्या घरांत, आणि प्रत्येक वेळी इतक्या कौतुकाच्या स्वरात ऐकले आहे, की आता ते कानावर पडताच माझ्या मनाचा तोल ढळतो. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर नातवाने पहिल्यांदा पाढे म्हणून दाखवल्याचा आनंद असतो. आणि ज्याच्या नावावर हा पराक्रम मांडला जात असतो तो मोत्या त्याच क्षणी पुढचे पाय तोंडावर घाशीत असतो, जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरवीत असतो, शिंकत असतो, आणि अखेर मोरीतल्या बादलीत तोंड बुडवून घटाघटा पाणी पीत असतो. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच, तर ‘जरा झणझणीत लागलं वाटतं’ असे म्हणून मंडळी हसतात आणि दुसरे हाडूक त्याच्यापुढे टाकतात.

या कौतुकामागे एक पक्के मत आहे, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून ते मी प्रथम पूर्ण रूपात मांडतो. कुत्रे आणि मांजर ही माणसाच्या घरची जनावरे, तेव्हा माणसाच्या घरचे अन्न त्यांना मानवतेच. गावोगावची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आपले उष्टे-खरकटे खाऊन जगत आली. तिखट त्यांना आपल्यासारखे लागत नाही, लागले असते तर ती मान खाली घालून कशाला खाती. थोडेसे दिल्याने काही बिघडत नाही. लसूण आणि हळद तर औषधीच. आणि ‘हे देऊ नका, ते देऊ नका’ हे सारे डबाबंद खाद्य विकणाऱ्या कंपन्यांनी शहरी माणसांच्या डोक्यात भरवलेले खूळ आहे. हे मत केवळ अशिक्षितांचे असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु आपल्या मुलाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणारे सुविद्य आईबाप, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे भिंग लावून वाचणारे निवृत्त अधिकारी, शेजाऱ्याच्या मधुमेहाची काळजी वाहणाऱ्या गृहिणी, ही सारी मंडळी घरच्या मुक्या प्राण्याच्या ताटलीपाशी आली की एकाएकी कशाचीही चौकशी करीनाशी होतात, आणि या निश्चिंतपणाचा मला संताप येतो.

पिढ्यान्‌पिढ्यांचा दाखला प्रथम घेऊ, कारण सर्वांचा भरवसा त्याच्यावर आहे. गावातले कुत्रे आपले अन्न खाऊन जगले, हे खरे. पण ते अन्न कोणते? धनगराच्या वाड्यावरच्या कुत्र्याला भाकरी मिळे, ताक मिळे, मेंढी व्याली तर थोडे दूध मिळे. शेतकऱ्याच्या दारातल्या कुत्र्याच्या वाट्याला शिळ्या भाकरीचा तुकडा आणि भाताची खरवड येई. मटण शिजे ते जत्रेला, आषाढात, नाही तर पाहुणा आला तर, आणि त्यातले त्याच्यापर्यंत पोचे ते चघळून टाकलेले हाडूक. आजच्या घरात आठवड्यातून दोनदा सामिष स्वयंपाक, त्यावर बोटभर तेलाचा तवंग, आणि शेजारच्या मंगल कार्यालयातून पातेलेभर उरलेली, तळलेल्या कांद्याने माखलेली बिर्याणी ही कुत्र्यांची नित्याची शिधासामग्री झाली आहे. नाव ‘आपले अन्न’ हेच राहिले, म्हणून पदार्थही तोच राहिला असे मानायचे काय?

इतिहासाची साक्ष काढायची तर ती पुरती काढावी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे माणसांच्या शेजारी पुरलेले जे कुत्रे सापडले ते सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे आहे. इतका हा सहवास जुना आहे. त्या सहवासात कुत्र्याचे शरीर माणसाच्या अन्नाला काही अंशी सरावले हेही सिद्ध आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की पिष्टमय अन्न पचविणाऱ्या विकराचे जनुक लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींनी आढळते. म्हणजे भात आणि भाकरी त्याला पचते. आमच्या प्रतिपक्षाला एवढे मी मोकळ्या मनाने देतो. परंतु ज्या मिरचीच्या जोरावर हा सारा अभिमान उभा आहे ती मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली. चौदा हजार वर्षांच्या सोबतीत पाचशे वर्षांचा हा पाहुणा, आणि त्यालाच आपण अनादि परंपरा म्हणून पुढे करतो. मांजराला तर पिष्टाची तीही सवलत नाही. ते निखळ मांसाहारी आहे, आणि त्याचे यकृत काही द्रव्यांचा निचरा इतक्या मंद गतीने करते, की माणसाला ताप उतरवण्यासाठी देतात ती पॅरासिटॅमॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

आणि ‘जगत आली’ म्हणजे किती वर्षे जगली, हे कोणी विचारले आहे काय? माणसाच्या जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी होते. कुत्रे गोठ्यामागे जाऊन मेले तर त्याचा पंचनामा कोण करतो? ते कशाने मेले, काय खाऊन मेले, मरण्यापूर्वी किती दिवस उठत नव्हते, याची फिर्याद कोणी दाखल केली? जी जगली ती आपल्या डोळ्यांपुढे शेपटी हलवीत उभी राहिली. जी मेली ती साक्ष द्यायला उरली नाहीत. असल्या एकतर्फी पुराव्यावर कोणता न्यायाधीश निकाल देईल?

आता तिखटाविषयी. कुत्र्याच्या जिभेवर रुचिपिंड सुमारे 1,700, माणसाच्या सुमारे 9,000, ही गोष्ट कोठेतरी वाचून ‘म्हणजे त्याला तिखट कळतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. परंतु तिखटपणा ही चवच नव्हे. ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला जाऊन भिडते, तो ग्राहक एरवी 43 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने जागा होतो आणि ‘भाजले’ असा निरोप मेंदूकडे धाडतो. हा ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला, आणि 2021 च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा आहे. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंत तो आहे: माणसात आहे, कुत्र्यात आहे, मांजरातही आहे. पक्ष्यांचा ग्राहक मात्र रचनेने किंचित निराळा असल्यामुळे कॅप्सेसिन त्याला जागा करीत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची देठासकट फस्त करतो आणि डोळ्यांत टिपूस आणीत नाही, याचे कारण हेच. पोपटाचे पाहून कुत्र्याला मिरची भरवणे म्हणजे मासा पाण्यात राहतो म्हणून मुलाला विहिरीत सोडण्यासारखे आहे.

मग तो खातो कशाला? कारण त्याच्या नाकाला मांस आणि चरबी यांचा वास आलेला असतो, आणि त्या वासापुढे तोंडाची आग त्याला थांबवू शकत नाही. कुत्रा घास चावून, चव घेत, विचार करीत खात नाही. तो गिळतो, कारण उशीर केला तर दुसरा नेईल, ही त्याच्या जातीची हजारो वर्षांची शिकवण आहे. जळजळ नंतर होते: तोंडात, पोटात, आणि दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी. पोटात मुरडा येऊन तो अंगणात कमान करून उभा राहतो तेव्हा घरातली माणसे म्हणतात, ‘काहीतरी बाहेरचं खाल्लं असणार.’ बाहेरचे? तुमच्याच ताटातले होते ते. ‘तो स्वतः मागतो’ हा युक्तिवाद तर मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो. दोन वर्षांचे मूलही दिव्याची ज्योत मागते. मागणाऱ्याला कळत नाही म्हणून तर देणाऱ्याच्या हाती कळ असते.

पण एवढे सगळे मिरचीविषयी बोलून झाल्यावर मला सांगितले पाहिजे, की माझे खरे भांडण मिरचीशी नाहीच. मिरची छळते, आणि तिचा छळ निदान दिसतो. ज्याने जीव जातो तो पदार्थ गोड आहे, मुका आहे, आणि आपल्या प्रत्येक वाटणाच्या मुळाशी आहे. तो पदार्थ म्हणजे कांदा, आणि त्याच्याबरोबर लसूण.

आमच्या घरी चिमी नावाची मांजर होती. माजघरातल्या ट्रंकेमागे तिने चार पिल्ले दिली, तेव्हा आईने तिची बाळंतिणीची उस्तवार आरंभली. अंगावर दूध यायला हवे म्हणून ती रोज मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यात भात कालवी, बोटांनी हाडे चाचपून काढी, फुंकर घालून निववी, आणि ताटली ट्रंकेमागे सरकवून चिमी खाईपर्यंत तिथे बसून राही. तिखट बाधू नये म्हणून रस्साही मुद्दाम पांढरा, बिनमिरचीचा असे. सहा-सात दिवसांनी चिमी उठेनाशी झाली. श्वास भरभर चालू लागला. गोधडीवर लघवीचा डाग पडला तो गर्द तपकिरी होता. पशुवैद्यांनी तिचा ओठ बोटाने वर केला, तेव्हा आतली हिरडी, जी गुलाबी असायची, ती धुतलेल्या कापडासारखी पांढरी होती. त्यांनी विचारले, ‘कांदा खाल्लाय का हिनं?’ आई म्हणाली, ‘नाही हो डॉक्टर, मांजर कांदा कशी खाईल? मी तर तिला नुसता रश्श्यातला भात देते.’

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमी गेली. ड्रॉपरने दूध पाजून दोन पिल्ले वाचली.

आईच्या मायेत उणे काय होते, हे मला कोणी सांगावे. काहीच उणे नव्हते. उणे होती ती एक माहिती, आणि ती पहिल्यांदा छापली गेली त्याला आता जवळजवळ शतक लोटले. कांद्याने कुत्र्यांना रक्तक्षय होतो हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या नियतकालिकात 1930 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे डबाबंद खाद्याचे नावही घराघरांत ठाऊक नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे, म्हणून कंपन्यांच्या कारस्थानाचा आरोप येथे टिकत नाही. कांदा-लसणीतील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर आघात करतात. त्याच्या गाठी होऊन त्या पेशीच्या कडेला चिकटतात, आणि 1890 साली त्यांचे वर्णन करणाऱ्या जर्मन वैद्याच्या नावावरून त्यांना ‘हाइन्झ पिंड’ म्हणतात. अशा डागाळलेल्या पेशी शरीर स्वतःच मोडीत काढते. मांजराचे हिमोग्लोबिन या आघाताला विशेष हळवे असते. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने हे विष नाहीसे होत नाही. आणि सगळ्यांत घातक गोष्ट ही, की रक्ताची ही नासाडी त्याच दिवशी डोळ्यांना दिसत नाही. तिची लक्षणे बहुधा तीन-चार दिवसांनी उमटतात. रविवारचा रस्सा आणि गुरुवारचा थकवा यांची सांगड घालायचे कोणाच्या मनात येणार? ‘आम्ही देतो, काही होत नाही’ हे मत याच तीन-चार दिवसांच्या अंतरावर जगते.

‘थोडेसे दिले’ म्हणणाऱ्यांशी मी आकड्यांनीच बोलतो. मांजराला शरीराच्या दर किलो वजनामागे 5 ग्रॅम, आणि कुत्र्याला दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा एवढ्याने रक्तात अपाय दिसू लागतो. एक किलो मटणाला मध्यम आकाराचे चार कांदे, म्हणजे 400 ग्रॅम, धरा. रस्सा बारा वाट्या झाला तर दर वाटीत 33 ग्रॅम कांदा आला. तीन किलोच्या मांजराची मर्यादा 15 ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी. चिमीच्या ताटलीत रोज तेवढा रस्सा असे. दहा किलोच्या कुत्र्याला साडेचार वाट्या लागतील हे कबूल. परंतु एका बैठकीत लागणारी ही मात्रा आहे, आणि रोज थोडा थोडा कांदा पोटात गेला तरी नुकसान साचत जाते. शिवाय यात लसूण मी धरलाच नाही, आणि लसूण कांद्याहून तीव्र आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घरोघरी बरण्या भरून ठेवलेल्या कांदा-लसूण मसाल्याचाही हिशेब करून पाहा. ताज्या कांद्यात शेकडा 85 ते 90 भाग पाणी असते. ते उडवून वाळवलेला एक चमचा कांदा म्हणजे ताज्याचे सात-आठ चमचे. तो मसाला ज्यात पडला त्या रश्श्याला ‘थोडेसे’ हा शब्द कसा लावायचा?

काही दयाळू माणसे मटणाचा तुकडा नळाखाली धुऊन देतात, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. धुण्याने वरचे तिखट जाते. तासभर वाटणात शिजून तुकड्यात जे मुरले ते नळाच्या पाण्याने कसे जाणार? तसेच पांढऱ्या रश्श्याचे. रंग पाहून आपण निर्धास्त होतो, आणि कांदा-लसूण त्यातही आहेतच. तेलकट कटाने स्वादुपिंडाचा दाह होतो, शिजलेले हाड चावताना अणकुचीदार फुटून आतडे फाडते, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. याचा विस्तार येथे करीत नाही, पण यातली एकही गोष्ट किरकोळ नाही.

औषधी गुणांचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगतो, की चिमूटभर हळदीने कुत्रे मरत नाही हे मला मान्य आहे. पण ‘लसणीने जंत पडतात, गोचीड लागत नाहीत’ या समजुतीला आधार नाही. जंतांची खात्रीची औषधे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतात. तेथपर्यंत जाण्याचा कंटाळा लसणीच्या पाकळीने झाकून घेऊ नये.

शेवटी भूतदयेचा आधार घेतला जातो. माझ्यापुढे अनेकांनी नामदेवांची कथा ठेवली आहे: कुत्रा पोळी पळवून नेऊ लागला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ‘संतांनी जिथे भेद केला नाही तिथे तुम्ही कोण?’ असा सवाल करून मंडळी विजयी मुद्रेने पाहतात. त्या कथेकडे मी त्यांना पुन्हा एकदा नीट पाहण्याची विनंती करतो. नामदेव का धावले? कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, या काळजीने धावले. त्यांच्या मनात खाणाऱ्याचा घसा होता. आपल्या ताटात काय उरले, पातेले कसे रिकामे होईल, अन्न वाया जाऊ नये, हा विचार त्या धावण्यात कोठेच नव्हता. आपण रात्री अकरा वाजता उरलेली बिर्याणी रस्त्याच्या कडेला पालथी करतो आणि दया केली म्हणतो, तेव्हा आपल्या मनात कोणाचा घसा असतो? ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याला दुखते कोठे हे सांगता येत नाही, त्याच्या पोटाचा आपण उकिरडा करतो आणि त्याला माया हे नाव देतो. ही माया नाही, आणि तिला माया म्हणणे आता बंद झाले पाहिजे.

डबाबंद खाद्य विकत घ्या असे मी कोणालाच सांगत नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावे. बाकीच्यांना पैचाही खर्च नाही. चिमी गेल्यानंतर आईने जे केले ते कोणालाही करता येण्याजोगे आहे. मटण धुऊन झाले की चार तुकडे ती बाजूला काढी आणि लहानग्या पितळी पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजवी. त्यात मीठ नाही, हळद नाही, कांदा नाही. हाड काढून, वरची चरबी दूर करून, कुत्र्यासाठी भातात आणि मांजरासाठी नुसतेच ती ताटलीत ठेवी. आणि मगच मोठ्या पातेल्यात फोडणी पडे. चिमीची ती दोन पिल्ले मोठी झाली, म्हातारी झाली, आणि त्यांच्या तोंडाला रश्श्याचा थेंब लागला नाही.

वाचकहो, तुमच्या घरी पुढच्या खेपेला चुलीवर सामिष चढेल तेव्हा कढईत तेल पडण्याआधी त्या मुक्या प्राण्याचा घास वेगळा काढा. चुकून त्याने कांदा-लसणीचे काही खाल्लेच, तर उलटी व्हावी म्हणून मीठपाणी पाजू नका. तेही त्याला बाधते. लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, आणि काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, हे आठवून सांगा. आणि आजच, हा लेख खाली ठेवल्यावर, त्याला जवळ घेऊन त्याचा ओठ हलकेच वर करा व निरोगी हिरडीचा गुलाबी रंग एकदा नीट पाहून ठेवा. तो ओळखीचा असला, तर फिकट झालेला वेळेवर कळेल.